खरे, अनुकृत आणि बनावट : उत्तरकालीन रोमन सुवर्णनाण्यांची पारख

इसवी सनाच्या सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या एका व्यापाऱ्याने, पुढे संन्यस्त जीवन पत्करल्यावर, एक ग्रंथ लिहिला. ‘इंडिकोप्लुस्टेस’ म्हणजे ‘भारताकडे जलप्रवास करणारा’ या उपनामाने तो इतिहासाला परिचित आहे. त्याच्या ग्रंथात सिंहलद्वीपातील एक प्रसंग आला आहे. सोपात्रोस नावाचा एक रोमन व्यापारी आणि एक इराणी व्यापारी एकाच वेळी तेथील राजाच्या दरबारात उपस्थित झाले. ‘तुम्हां दोघांपैकी कोणाचा राजा अधिक थोर?’ असे राजाने विचारले. इराणी व्यापाऱ्याने आपल्या राजाच्या वैभवाचे लांबलचक वर्णन केले. सोपात्रोसाने मात्र दोन्ही राजांची नाणी मागवून राजापुढे ठेवली. एक रोमन सम्राटाचे सोन्याचे नाणे, दुसरे इराणच्या बादशहाचे चांदीचे. राजाने दोन्ही निरखून पाहिली आणि रोमनांच्या बाजूने कौल दिला. सोपात्रोसाला हत्तीवर बसवून वाजतगाजत नगरातून मिरविण्यात आले.

या कथेत कॉस्मसने जाता जाता एक तपशील दिला आहे. तेथे नेण्यासाठी निवडक, उत्तम घडणीचीच नाणी घेतली जात, असे तो सांगतो. परदेशी बाजारात नाणे पारखूनच घेतले जाणार, हे व्यापाऱ्याला ठाऊक होते. ज्या नाण्याला एवढी पत, त्याच्या प्रतिकृती निघणे अपरिहार्यच होते. अशा प्रतिकृती निघाल्या, भारतातही निघाल्या, आणि आज दीड सहस्र वर्षांनंतर त्या हाती आल्या म्हणजे एक अवघड प्रश्न उभा राहतो. हे नाणे खरे, की अनुकृत, की बनावट?

सर्वसाधारण समजुतीप्रमाणे नाणे खरे असते किंवा खोटे असते, तिसरा प्रकार संभवत नाही. उत्तरकालीन रोमन सोन्याच्या बाबतीत ही समजूत अपुरी पडते. रोमन टांकसाळीत पडलेले ते खरे नाणे. त्याच काळात किंवा त्यानंतर लवकरच, रोमन साम्राज्याबाहेर, त्या नाण्यावरून स्थानिक कारागिराने घडविलेले ते अनुकृत नाणे. आणि अर्वाचीन काळात संग्राहकाला फसविण्यासाठी केलेले ते बनावट नाणे. यांतील दुसऱ्या प्रकाराची गणना तिसऱ्यात करणे ही या विषयातील सर्वांत महागात पडणारी चूक होय.

रोमन सोने भारतात

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भृगुकच्छ बंदरी येणाऱ्या मालाची यादी आहे. तीत सोन्याची व चांदीची रोमन नाणी असून स्थानिक चलनाशी त्यांचा विनिमय करण्यात नफा होतो, अशी नोंद आहे. प्लिनीने तर भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार केली आहे. या पूर्वकालीन सुवर्णनाण्याला ‘ऑरियस’ म्हणत. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै संस्थानात १८९८ मध्ये सापडलेल्या संचयात ५०१ ऑरियस होते आणि त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर सम्राटाच्या मस्तकावर छिन्नीचा घाव घातलेला होता. परक्या राजाची मुद्रा रद्द करून केवळ धातू म्हणून ते सोने वापरायचे, असा त्या घावाचा अर्थ अभ्यासक लावतात.

चौथ्या शतकाच्या आरंभी सम्राट कॉन्स्टन्टाईनने ऑरियसच्या जागी नवे नाणे आणले. त्याचे नाव ‘सॉलिडस’. एका रोमन पौंड सोन्याची ७२ नाणी, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४.५ ग्रॅम, असे त्याचे प्रमाण ठरले. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर साडेचार माशांहून किंचित अधिक. पुढे कित्येक शतके हे वजन आणि हा कस मोठ्या निष्ठेने राखला गेला. भारतात ही उत्तरकालीन नाणी मुख्यतः दक्षिणेत मिळतात. जुन्या धारवाड जिल्ह्यातील, आता हावेरी जिल्ह्यात असलेल्या, हानगल तालुक्यातील अक्की-आलूर येथील सोन्याची नाणी या दृष्टीने प्रसिद्ध आहेत. त्यांत जुन्या ऑरियसांबरोबर पाचव्या आणि सहाव्या शतकांतील सम्राटांची, थेट पहिल्या जस्टिनपर्यंतची (इ. स. ५१८ ते ५२७) सॉलिडस नाणी आहेत आणि त्यांच्यात स्थानिक अनुकृतीही आहेत. वनवासीच्या कदंबांचा हा प्रदेश. तेथवर कॉन्स्टन्टिनोपलचे सोने पोचले होते आणि ते पाहून येथील हातांनी तसेच घडविण्याचा प्रयत्न केला होता, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे.

अनुकरणाची परंपरा

अनुकरण म्हणजे लबाडी, असे समजण्याचे कारण नाही. कुषाण राजा कुजुल कडफिसेस याने आपल्या तांब्याच्या एका नाण्यावर रोमन सम्राटाच्या धर्तीचे मस्तक घेतले, परंतु लेखात नाव स्वतःचे घातले. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा संचय मिळाला. क्षहरात नहपानाच्या या नाण्यांवर राजाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरांत लेख आहे. नंतरच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तोच लेख हळूहळू निरर्थक रेघांची नक्षी होऊन बसतो. अक्षर वाचता न येणाऱ्या कारागिराच्या हाती अक्षराचे काय होते, याचे हे महाराष्ट्राच्या परिसरातीलच उदाहरण आहे. तेर, भोकरदन आणि कोल्हापूर येथील उत्खननांत रोमन नाण्यांवरून केलेली भाजक्या मातीची पदके मिळाली आहेत. त्यांना दोरा ओवण्यासाठी कड्या आहेत. मातीचे पदक कोणी नाणे म्हणून खपवणार नाही. ते हौसेने गळ्यात घालण्यासाठीच होते.

युरोपातही हेच घडत होते. साम्राज्याच्या पश्चिम भागात राज्ये स्थापन केलेल्या गॉथ, बर्गुंडियन आणि फ्रँक राजांनी अनेक वर्षे कॉन्स्टन्टिनोपलच्या सम्राटाच्याच नावाने सुवर्णनाणी पाडली. कारण बाजारात पत त्या नावाला होती. सहाव्या शतकात फ्रँकांचा राजा थिओडेबर्ट याने सोन्यावर स्वतःचे नाव व मुद्रा घातली, तेव्हा इतिहासकार प्रोकोपियस याला ते विपरीत वाटले. सोन्यावर स्वतःची प्रतिमा उमटविणे इराणच्या बादशहालाही साधत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे.

भारतीय अनुकृतींचा हेतू याहून निराळा दिसतो. त्यांतील सोने बहुधा चांगले असते. मुलाम्याची नाणीही मिळतात, परंतु चांगल्या सोन्यात घडविलेले नाणे फसवणुकीसाठी घडविले, असे म्हणणे तर्कास धरून होत नाही. शिवाय खऱ्या आणि अनुकृत अशा दोन्ही नाण्यांना पुष्कळदा छिद्रे असतात, आणि तीही एक नव्हे तर जवळजवळ दोन, सम्राटाच्या मस्तकाच्या वर. दोऱ्यात ओवल्यावर नाणे गिरकी घेऊ नये आणि मुख सरळ, समोर राहावे, म्हणून ही योजना. पूर्वी ज्या मुखावर छिन्नीचा घाव पडत होता, तेच मुख आता जपून गळ्यात मिरवले जात होते. काही शतकांत परक्या नाण्याकडे पाहण्याची दृष्टी केवढी बदलली, हे या दोन बारीक छिद्रांवरून कळते.

पारख कशी करावी

खऱ्या सॉलिडसचे स्वरूप प्रथम मनात ठसले पाहिजे. पाचव्या शतकातील नेहमीच्या प्रकारात दर्शनी बाजूवर शिरस्त्राण घातलेला सम्राट किंचित तिरपा, जवळजवळ समोर पाहणारा, खांद्यामागे भाला आणि हाती ढाल घेतलेला असतो. ढालीवर घोडेस्वाराची अगदी बारीक आकृती असते. भोवती लॅटिन लेख असतो, ‘आमचा स्वामी’ या अर्थाच्या दोन आद्याक्षरांनी सुरू होणारा. मागील बाजूस कॉन्स्टन्टिनोपल नगरीची आसनस्थ प्रतिमा किंवा लांब क्रूस धरलेली पंखधारी विजयदेवता, आणि जस्टिनच्या काळापासून समोर पाहणारा देवदूत. भोवती ‘सम्राटांचा विजय’ अशा आशयाचा लेख आणि त्याच्या अखेरीस टांकसाळीच्या कारखान्याचा क्रमदर्शक ग्रीक वर्ण. तळाशी ‘कॉनॉब’ ही पाच रोमन अक्षरे. त्यांतील ‘कॉन’ म्हणजे कॉन्स्टन्टिनोपल आणि ‘ऑब’ म्हणजे शुद्ध केलेले सोने. ग्रीक अंकपद्धतीत याच शेवटच्या दोन अक्षरांचे मूल्य ७२ होते, हा योगही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पहिली परीक्षा लेखाची. रोमन टांकसाळीतील कारागिराकडूनही क्वचित चूक होई, परंतु ती एखाद्या अक्षराची. अनुकृतीत अक्षरे उलटी पडतात, गळतात, पुन्हा पुन्हा येतात, किंवा नुसते उभे दांडे आणि वर्तुळे उरतात. कारागीर लेख वाचत नव्हता, चित्र पाहावे तसा तो पाहत होता. म्हणूनच सम्राटाचे नाव आणि मागील बाजूचा प्रकार यांचा काळ जुळतो का, हेही पाहावे. दोन वेगवेगळ्या नाण्यांच्या दोन बाजू एकत्र आणणे हे अनुकरण करणाऱ्याला सहज शक्य होते.

दुसरी परीक्षा प्रतिमेची. भाला खांद्यामागून न जाता सुटा पडणे, ढालीवरील घोडेस्वाराच्या जागी केवळ ठिपके येणे, वस्त्राच्या चुण्यांच्या समांतर रेघा होणे, डोळे मोठे व बाहेर आलेले दिसणे, ही परक्या हाताची चिन्हे होत. येथे ‘ओबडधोबड’ या शब्दाचा मोह टाळावा. भारतीय कारागिराचा हात पुष्कळदा सफाईदार असतो. रेषेचे वळण मात्र रोमन नसते.

तिसरी परीक्षा ठशांच्या दिशेची. कॉन्स्टन्टिनोपलच्या सॉलिडसचा माथा वर धरून नाणे उभ्या अक्षाभोवती, पुस्तकाचे पान उलटावे तसे, उलटले तर मागील प्रतिमा पायाकडून वर दिसते. दोन्ही ठसे परस्परांना उलटे ठेवण्याची तेथील शिस्तच होती. अनुकृतीत ही दिशा कशीही असू शकते. ही परीक्षा करायला कोणतेही उपकरण लागत नाही, तरीही ती पुष्कळदा राहून जाते.

चौथी परीक्षा वजनाची व कसाची. चांगल्या स्थितीतील सॉलिडस ४.४ ते ४.५ ग्रॅम भरतो. झिजेने किंवा छिद्राने थोडी घट येते. अनुकृतीचे वजन या मर्यादेत असेलच असे नाही. कस पाहण्यासाठी सोनाराच्या कसोटीवर नाणे घासणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्याने कडेचा भाग कायमचा झिजतो आणि मुलाम्याचे नाणे असल्यास वरच्या थराचाच कस कळतो. नाणे प्रथम हवेत आणि मग पातळ दोऱ्याला टांगून पाण्यात तोलणे ही त्याहून निर्धोक रीत. शुद्ध सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३ आहे. त्यामुळे ४.५० ग्रॅमचे शुद्ध नाणे पाण्यात सुमारे ४.२७ ग्रॅम भरेल, आणि दहा टक्के चांदीचा भेग असल्यास सुमारे ४.२५. हा फरक अवघा वीस मिलिग्रॅमचा असल्याने काटा तितकाच सूक्ष्म हवा. आजच्या प्रयोगशाळांत क्ष-किरणांच्या साहाय्याने धातूला धक्का न लावता घटक मोजता येतात, परंतु तेथेही मोजले जाते ते पृष्ठभागाजवळचे सोने, गाभ्याचे नव्हे. म्हणून दोन्ही पद्धती परस्परांना पूरक समजाव्यात. टंगस्टन या धातूचे विशिष्ट गुरुत्व सोन्याच्या अगदी जवळचे असल्याने एकट्या वजनावर विसंबणेही योग्य नाही.

पाचवी परीक्षा घडणीची. ठशाखाली पडलेल्या नाण्यात धातू बाहेरच्या बाजूस सरकल्याच्या बारीक रेषा भिंगातून दिसतात आणि अक्षरांच्या कडा धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडा मऊ असतात, हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खळगे असतात, किनारीवर सांधा घासल्याची खूण राहते. छिद्रेही बोलकी असतात. जुन्या छिद्राची कड दोऱ्याने गुळगुळीत झालेली असते. नव्या छिद्राची कड तीक्ष्ण राहते.

बनावटीचा प्रश्न

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२ ते १८३०) नावाचा अत्यंत कुशल ठसे कोरणारा होऊन गेला. त्याने प्राचीन नाण्यांचे ठसे स्वतः कोरले आणि नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून ती लोखंडाच्या किसाबरोबर पेटीत घालून, पेटी गाडीला बांधून तो फिरवीत असे, असे सांगतात. त्याचे काम इतके शुद्ध होते की, अनेक जाणकार फसले. अनुकृत आणि बनावट यांतील भेद येथे स्पष्ट होतो. अनुकृतीत चुका असतात, कारण तिचा कर्ता रोमन लिपी जाणत नव्हता. बनावट नाण्यात बहुधा लेखाच्या चुका नसतात, कारण तिचा कर्ता पुस्तके पाहून काम करतो. लेख निर्दोष आहे एवढ्यावरून नाण्याला खरे म्हणू नये आणि लेख चुकला आहे एवढ्यावरून त्याला खोटे ठरवू नये. दोन नाण्यांवर एकच ओरखडा किंवा एकच खळगा नेमक्या त्याच जागी आढळला, तर मात्र दोन्ही एकाच अर्वाचीन साच्यातून निघाल्याचा दाट संशय घ्यावा.

हा निवाडा किती अवघड असतो, याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. १७१३ मध्ये ट्रान्सिल्व्हानियात काही विचित्र सोन्याची नाणी सापडल्याची नोंद झाली. त्यांतील काहींवर ‘स्पॉन्सिअन’ हे नाव होते. अशा नावाचा सम्राट कोणत्याही ग्रंथात नाही. नाणी ठशाने न पाडता ओतलेली, लेख व प्रतिमा विलक्षण. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच नाणकतज्ज्ञ कोएन याने ती अर्वाचीन बनावट म्हणून निकालात काढली आणि ती संग्रहालयाच्या कपाटात पडून राहिली. २०२२ मध्ये ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयातील या नाण्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. हाताळणीने झालेली झीज आणि दीर्घकाळ जमिनीत राहिल्याने चिकटलेले मातीचे कण यांवरून ती तिसऱ्या शतकातील असावीत, असे त्या संशोधकांनी प्रतिपादन केले. अनेक नाणकतज्ज्ञांना हे मान्य झाले नाही आणि वाद मिटलेला नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. ही नाणी कोणी तरी जपून ठेवली, म्हणूनच तीनशे वर्षांनी त्यांना पुन्हा प्रश्न विचारता आला. ‘खोटी’ म्हणून ती त्या वेळी वितळविली असती, तर वादालाही जागा उरली नसती.

पुतळीची साक्ष

रोमन सोन्याची ही हकीकत दूरची वाटली, तरी तिचा पुढचा अध्याय कोकण-गोमंतकातील आणि देशावरील जुन्या घराण्यांच्या दागिन्यांच्या पेटीत आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ पासून १७९७ पर्यंत सुमारे साडेतीन ग्रॅमचे ‘डुकाट’ हे सुवर्णनाणे पाडले. एका बाजूस संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला नगरप्रमुख, दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबवर्तुळात उभा येशू. अरबी समुद्रावरून हे नाणे भारतात आले आणि त्यावरील मानवाकृतींमुळे मराठीत ‘पुतळी’ झाले. सभासद बखरीतील नाण्यांच्या यादीत पुतळीचा उल्लेख आहे. दक्षिणेत त्याला ‘शाणार काशु’ म्हणत, कारण त्यावरील ध्वजदंड तेथील लोकांना ताडाच्या झाडासारखा दिसला. मूळ नाणी अपुरी पडू लागली, तेव्हा येथील सोनारांनी तशीच घडविली. लॅटिन अक्षरांच्या रेघा झाल्या, संताचा आणि नगरप्रमुखाचा चेहरामोहरा देशी झाला, आणि पुतळ्यांची माळ हा मानाचा दागिना ठरला. अक्की-आलूरच्या अनुकृतीत जे घडले, तेच हजार वर्षांनंतर पुन्हा घडले. परक्या सोन्यावरचा विश्वास, त्याचे गळ्यातील स्थान आणि देशी हाताने केलेले त्याचे रूपांतर, असा तो क्रम आहे.

म्हणून जुन्या माळेतील एखादे नाणे सोनाराने पाहून ‘हे खरे नव्हे’ असे सांगितले, तर ते मूसेत जाण्यापूर्वी थोडे थांबणे इष्ट. सोनाराचा निर्णय कसापुरता बरोबर असेल. इतिहासाच्या दृष्टीने ते नाणे खऱ्या नाण्याइतकेच, कधी कधी त्याहून अधिक, मोलाचे असू शकते. खरा सॉलिडस कॉन्स्टन्टिनोपलच्या टांकसाळीची हकीकत सांगतो आणि अशी नाणी जगातील अनेक संग्रहालयांत आहेत. येथील अनुकृती मात्र येथील कारागिराची, येथील बाजाराची आणि येथील आवडीची एकमेव साक्ष असते. ती वितळली की उरते ते चार-साडेचार ग्रॅम सोने, ज्याचा भाव रोज पेढीवर कळतो.

जपणुकीचे नियम साधे आहेत. नाणे घासूनपुसून चकचकीत करू नये, कारण मातीचा थर आणि झीज हाच त्याचा पुरावा असतो. त्याचे वजन, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि ते घरात कोठून, कोणाच्या वेळी आले ही आठवण एका कागदावर लिहून ठेवावी. दागिन्यातील नाणे माळेतून सुटे करू नये. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष ठरते आणि खाजगीरीत्या देशाबाहेर पाठविता येत नाही. शेतात किंवा पायाच्या खणतीत मिळालेल्या निधीची वर्दी १८७८ च्या निखात-निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे देणे बंधनकारक आहे. ती दिल्याने नाणे कोठे व कशाबरोबर सापडले, ही माहितीही वाचते. कोणत्याही भिंगाला किंवा काट्याला ती मागाहून सांगता येत नाही.

सिंहलद्वीपाच्या राजाने दोन नाणी हाती घेऊन आधी ती निरखली आणि मगच निर्णय दिला. पूर्वजांनी राखलेल्या सोन्याच्या बाबतीत पुढच्या पिढ्यांनी एवढा धीर धरला, तर अनेक घरांतील पेट्यांत मुके होऊन पडलेले इतिहासाचे पुरावे योग्य त्या जाणकाराच्या नजरेस पडतील आणि बोलू लागतील.